एक गाणं अंगावर येतं, दुसरं ऐकूच येत नाही: पेनड्राइव्हमधल्या गाण्यांचा आवाज सारखा करताना

लक्षणं आधी

"भाऊ, एक गानं जोरमा वाजस, दुसरं ऐकूच येत नही." लग्नसराई लागली की गाणी भरून देणाऱ्या आमच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात तर काउंटरवर पेनड्राइव्हचा ढीगच पडतो. तक्रार सगळ्यांची एकच असते, पण दुखणं एक नसतं. म्हणून आधी नीट विचारून घ्यायचं की होतं काय:

– गाणं बदललं की हात आवाजाच्या बटणाकडे जातो. कॅसेटवरून उतरवलेलं जुनं अहिराणी गाणं हळू, त्याच्या पाठोपाठचं डीजे रीमिक्स एकदम दणदणीत. हा फाइलींचा फरक.

– सगळीच गाणी एका मशीनवर बारीक आणि दुसऱ्यावर नीट. इथे फाइलींचा काही संबंध नाही. वायर, पिन किंवा सेटिंग बघा.

– वाद्यं ऐकू येतात, पण गाणारीचा आवाज लांब गेलेला किंवा गायबच. हा पिनचा नाहीतर फेजचा, म्हणजे एका बाजूची लहर उलटी झाल्याचा घोळ.

– एकाच बाजूचा स्पीकर वाजतो, तोही काही गाण्यांपुरताच.

– एकाच गाण्याच्या आत चढउतार: सुरुवातीचं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर मधेच ढोल-संबळ कानठळ्या बसवतात.

– मोठं गाणं फाटतं, आणि आवाज कमी केला तरी फाटलेलंच वाजतं.

यातलं पहिलं लक्षण असेल तर काम सोपं आणि फुकटचं आहे. बाकीच्यांत आवाज जुळवायचं सॉफ्टवेअर चालवून बसलात तर तास जाईल आणि तक्रार तिथेच राहील. म्हणून खालचा क्रम पाळा. वरचं सोपं, खाली जाल तसं किचकट.

दोन गाणी आणि एक इअरफोन

पेनड्राइव्हमधलं सगळ्यात मोठं वाटणारं एक गाणं घ्या आणि सगळ्यात हळू वाटणारं एक. दोन्ही मोबाइलवर टाकून वायरच्या इअरफोनने, बटण न हलवता, लागोपाठ ऐका. ब्लूटूथने नको, त्याचं कारण पुढे येतंच.

इथेही फरक तेवढाच जाणवला तर दोष फाइलीत आहे. इथे दोन्ही सारखी वाजली तर फाइलींना हात लावू नका. गाडीतला डेक, देवळातलं मशीन किंवा मधली वायर यांच्याकडे वळा. या तपासणीला पैसा लागत नाही, पण लोक हीच टाळतात. मग पाचशे गाण्यांचा आवाज बदलून झाल्यावर कळतं की डेकची बेसची कळ शेवटपर्यंत फिरलेली होती.

बटणं, कळा, पिना

डेकवर किंवा मोबाइलवर इक्वलायझर, बेस बूस्ट, डॉल्बी, 'लाउडनेस' असं जे काही चालू असेल ते सगळं बंद करून परत ऐका. हे का महत्त्वाचं? बेस बूस्ट सगळ्या गाण्यांना सारखा लागू होतो, पण त्याचा परिणाम सारखा होत नाही. ज्या रीमिक्समध्ये आधीच बेस ठासून भरलाय ते आणखी फुगतं, आणि पेटी-टाळावरच्या भजनाला वाढवायला बेसच नसतो म्हणून ते होतं तिथेच राहतं. फरक फाइलींत थोडा असतो, बूस्टमुळे दुप्पट जाणवतो.

ब्लूटूथवर वाजवत असाल तर मोबाइल आणि स्पीकर या दोघांचे आवाज कधी एकत्र चालतात, कधी वेगवेगळे. ॲन्ड्रॉइडमध्ये डेव्हलपर पर्यायांत 'ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा' अशी कळ असते. काही स्वस्त स्पीकरांवर एका खुणेपर्यंत शांत आणि पुढच्या खुणेला एकदम मोठा असा आवाज उडी मारतो, तो ही कळ बदलल्यावर बहुतेक वेळा सुधारतो.

आता पिन. ऑक्सची साडेतीन मिलिमीटरची पिन अर्धवट बसली किंवा तिची अर्थची तार आत तुटली, की मजेदार प्रकार होतो. डाव्या आणि उजव्या बाजूत जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि जे वेगळं आहे तेवढंच वाजतं. गाण्यात गायक नेमका मधोमध असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा. तोच गायब होतो. मागची व्हायोलिनं आणि आवाजाचा घुमारा तेवढा उरतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गाणं खराब भरलं." पिन बाहेर काढा, पुसा, खटकन आवाज येईपर्यंत आत बसवा. तरी तसंच वाजलं तर नवी वायर लावून बघा, कारण मशीन उघडण्यापेक्षा ती फार स्वस्त.

देवळातल्या नाहीतर मंडपातल्या मशीनवर आणखी एक बघायचं: मोबाइलची वायर माइकच्या भोकात तर खुपसलेली नाही ना? माइकचा सिग्नल अगदी अशक्त असतो, म्हणून मशीन त्याला आत फार वाढवून घेतं. मोबाइलचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट तगडा. तो माइकच्या वाटेने गेला की मोठी गाणी फाटतात आणि हळू गाणी बरी वाजतात, मग वाटतं फाइलींतच फरक आहे. ऑक्स किंवा लाइन लिहिलेल्या भोकात वायर गेली की अर्धी तक्रार तिथेच मिटते.

मोबाइलवर ॲपमध्ये सारखं, पेनड्राइव्हवर नाही. असं का?

हा प्रश्न कॉलेजची पोरं हमखास विचारतात. स्पॉटिफाय, यूट्यूब ही मंडळी गाणं वाजवतानाच आवाज जुळवतात. दोघांचाही मापदंड साधारण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास. (एलयूएफएस म्हणजे गाणं सरासरी किती जोरात वाजतं ते मोजायचं एकक.) यूट्यूब मोठ्याला खाली आणतं, हळूला वर उचलत नाही. आयफोनच्या म्युझिक ॲपमध्ये हेच काम 'साउंड चेक' नावाची कळ करते. पेनड्राइव्हवरच्या फाइलीला असा कोणी वाली नसतो. ती जशी बनली तशी वाजते.

गाणी फक्त कॉम्प्युटरवर ऐकणार असाल तर पुढचं काही न करता इथेच थांबता येईल. व्हीएलसी प्लेअरच्या पसंतींत ऑडिओखाली 'रीप्लेगेन'चा पर्याय आहे, तो 'ट्रॅक'वर ठेवा. फूबार२००० या प्लेअरमध्ये सगळी गाणी निवडून, उजवी कळ दाबून रीप्लेगेनचं स्कॅन चालवा. ही पद्धत २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडली. फाइलीतल्या संगीताला धक्का न लावता 'हे गाणं इतकं डेसिबल कमी वाजव' अशी चिठ्ठी टॅगमध्ये लिहायची, एवढाच तिचा कारभार. चिठ्ठी वाचणारा प्लेअर मात्र हवा. ट्रॅक्टरवरचा डेक, गल्लीतल्या पोरांचा लाल दिव्याचा स्पीकर, रिक्षातलं मशीन यांतलं सहसा कोणी ती वाचत नाही. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ कामांना हा उपाय लागू पडत नाही, आणि घरी लॅपटॉपवर तपासून "झालं सारखं" म्हणणारा माणूस गाडीत बसल्यावर परत येतो.

कचरा आधी काढा

आवाज जुळवण्याआधी गाणी चाळा. एकच गाणं तीन नावांनी असतं: एक व्हॉट्सॲपवरून आलेलं, एक व्हिडिओवरून ओढलेलं, एक मूळ. यातलं बरं ठेवा, बाकीची उडवा. फाटलेली फाइल जुळवून काही उपयोग नाही. ती हळू केली तर हळू फाटेल, एवढंच.

फाटलेली फाइल कानांनी ओळखू येते, डोळ्यांनी जास्त लवकर. ऑडॅसिटी या आवाज कापायजोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडा. चांगल्या रेकॉर्डिंगची लहर वरखाली टोकंटोकं असलेली दिसते. फाटलेल्याची टोकं वरून आणि खालून सपाट कापलेली. 'व्ह्यू'मध्ये 'शो क्लिपिंग' चालू केलं की कापलेल्या जागी लाल रेघा उमटतात. चारदोन रेघा कुठल्याही आजकालच्या गाण्यात दिसतील, त्यांचं मनावर घेऊ नका. लहरच लाल झाली असेल तर ती फाइल सोडा आणि दुसरीकडून बरी मिळते का बघा. कापून गेलेलं टोक कुठलंही सॉफ्टवेअर जसंच्या तसं परत आणून देत नाही.

'नॉर्मलाइज' केलं तरी फरक पडत नाही

याच जागी सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

बऱ्याच सॉफ्टवेअरांत 'नॉर्मलाइज' नावाची कळ असते. लोक सगळी गाणी निवडतात, ती दाबतात आणि म्हणतात, काहीच झालं नाही. होणारही नाही. ती कळ फक्त गाण्यातलं सगळ्यात उंच टोक मोजते आणि ते शून्य डेसिबलच्या छतापर्यंत, म्हणजे फाइलीत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत, नेऊन टेकवते. आपला कान टोक मोजत नाही, गाणं सरासरी किती भरलेलं आहे ते मोजतो.

समजा कॅसेटवरून उतरवलेलं एक जुनं गाणं आहे. गाणारी आणि पेटी शांत, पण मधे डेकची कळ दाबल्याचा एक 'टक्' रेकॉर्ड झालाय आणि तो नेमका छताला टेकलाय. सॉफ्टवेअर म्हणतं, या गाण्यात वाढवायला जागाच नाही. त्याच्या शेजारी आजकालचं रीमिक्स. त्याचंही टोक छताला, पण ते पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत छतालाच चिकटून आहे. टोकांच्या मापाने दोन्ही सारखी. एलयूएफएसमध्ये मोजाल तर पहिलं उणे २० आणि दुसरं उणे ८ निघू शकतं, म्हणजे १२ डेसिबलचा फरक. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. आता कळलं ना, हात बटणाकडे का जातो ते.

ही सरासरी नीट मोजायची रीत नभोवाणी-दूरचित्रवाणीवाल्यांनी बसवली. त्यांनाही हाच त्रास होता, जाहिरात लागली की टीव्ही ओरडायचा. २००६ मध्ये आयटीयूचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं, बीएस.१७७० हे मोजमाप आलं आणि २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी उणे २३ एलयूएफएस ही पातळी ठरवली. आपल्याला तेवढ्या खाली जायचं कारण नाही, पण मोजपट्टी तीच वापरायची.

यातून आमचा दुकानातला एकच नियम निघाला: हळू गाण्याला वर चढवायच्या मागे लागू नका, मोठ्याला खाली उतरवा. वर छत आहे, खाली मोकळी जागा आहे. आवाज वाढवायचं काम मशीनचं, ते त्यासाठीच घेतलेलं असतं.

एमपीथ्रीगेन: मुख्य औषध

पेनड्राइव्हवर बहुतेक फाइली एमपीथ्री असतात. त्यांच्यासाठी ग्लेन सॉयर यांचं एमपीथ्रीगेन हे जुनं, फुकट, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर अजूनही पुरतं. कारण ते गाणं उघडून पुन्हा बनवत नाही. एमपीथ्रीच्या प्रत्येक तुकड्यात 'हा किती जोरात वाजवायचा' असा एक आकडा असतो. हे सॉफ्टवेअर तेवढाच बदलतं. संगीताचा दर्जा घटत नाही, काय बदललं त्याची नोंद टॅगमध्ये राहते, आणि 'अन्डू' करून गाणं होतं तसं परत आणता येतं. टॅग वाचू न शकणारा डेकसुद्धा हा आकडा मानतोच, कारण तो मानल्याशिवाय त्याला गाणं वाजवताच येत नाही.

काम असं करायचं.

आधी पेनड्राइव्हमधली सगळी गाणी कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा आणि त्या फोल्डरची आणखी एक प्रत काढून बाजूला ठेवा. थेट पेनड्राइव्हवर काम करू नका. मधेच वीज गेली किंवा पेनड्राइव्ह हलला की चालू असलेली फाइल अर्धवट राहते. आमच्या भागात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

मग फाइलींची नावं बघा. एमपीथ्रीगेनचं नेहमीचं विंडोजवालं रूप जुनं आहे, त्याला देवनागरी नावं उमगत नाहीत. 'कानबाई मायनं गानं' अशा नावाची फाइल दिली की ती उघडतच नाही, आणि लोक समजतात गाणं खराब आहे. नावं इंग्रजी अक्षरांत किंवा नुसत्या आकड्यांत करा, अगदी ००१, ००२ चालेल. फोल्डरचं नावही तसंच. नावं बदलायची नसतील तर हेच काम फूबारमध्ये करा: स्कॅन झाल्यावर रीप्लेगेनच्याच यादीत 'फाइलमध्येच गेन लावा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तोही तोच आकडा बदलतो आणि त्याला देवनागरीचं वावडं नाही.

फोल्डर आत ओढा, 'ट्रॅक ॲनालिसिस' दाबा. जरा वेळ लागतो. मग प्रत्येक गाण्यापुढे त्याचा आवाज डेसिबलमध्ये दिसतो. वर लक्ष्य म्हणून ८९ लिहिलेलं असतं. लोकांना हा आकडा कमी वाटतो. रीमिक्स ९८-९९ दिसतात, म्हणून हेही लक्ष्य ९८ टाकतात, आणि तिथेच घात होतो. जुन्या गाण्यांना ९८ वर न्यायचं म्हणजे त्यांची टोकं छतावरून पार जाणार. सॉफ्टवेअर अशा गाण्यांच्या 'क्लिप'च्या रकान्यात लाल रंगात खूण दाखवतं. ती खूण दिसली तर लक्ष्य खाली आणा. ८९ ठेवलं तर बहुतेक गाणी सुखरूप बसतात. गाडीच्या डेकवर कमी पडतंय वाटलं तर ९१-९२ करून बघा, पण लाल खुणा मोजत राहा.

मग 'ट्रॅक गेन' लावा. शेजारचं 'अल्बम गेन' वेगळं आहे. ते सगळ्या फोल्डरला एकाच मापाने खालीवर करतं आणि गाण्यागाण्यांतला फरक मुद्दाम जपतं. एकाच कलाकाराचा अल्बम सलग ऐकायचा असेल, जिथे शांत गाणं शांतच हवंय, तिथे ते बरोबर. वरातीच्या, कानबाईच्या, सप्तशृंगीला पायी निघालेल्या मंडळींच्या टेम्पोच्या मिसळ फोल्डरला 'ट्रॅक'च हवं. चुकून 'अल्बम' दाबलं की सगळं बदलल्याचं दिसतं आणि तक्रार मात्र जशीच्या तशी राहते.

एक बारकावा: हे बदल दीड-दीड डेसिबलच्या पायरीनेच होतात, कारण एमपीथ्रीत त्या आकड्याची पायरीच तेवढी. त्यामुळे काम झाल्यावर कुठे ८८.५, कुठे ८९.४ दिसेल. एवढा फरक कानाला बोचत नाही, त्याच्या मागे लागू नका.

'ही एमपीथ्री नाही' अशा अर्थाची तक्रार आली तर ती फाइल सहसा आतून एमफोरए, म्हणजे वेगळ्याच प्रकारची असते, कोणीतरी फक्त शेवटचं नाव बदललेलं असतं. अशा फाइली बाजूला काढा आणि फूबारमधून त्यांची खरीखुरी एमपीथ्री करून घ्या.

८९ बघून काही जण मला विचारतात, "पोलीस मीटर लावतील, ८९ म्हणजे जास्त तर नाही ना?" या दोन डेसिबलांचा एकमेकांशी संबंध नाही. हा आकडा फाइलीतला. मीटरचा आकडा हवेतला, तो मशीनच्या बटणावर आणि स्पीकरपासूनच्या अंतरावर ठरतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार ठरावीक दिवसांपुरती रात्री १२ पर्यंत सूट देतं, तेवढीच. फाइल ८९ केली काय आणि ८० केली काय, मशीन पूर्ण फिरवलं तर मर्यादा ओलांडणारच.

भोंग्यावर वाजवणार असाल तर कानाचं ऐका

हे कुठल्या मदतपानावर लिहिलेलं सापडायचं नाही, पण खेड्यावरच्या कामाला फार उपयोगी आहे. सगळ्या गाण्यांचा आकडा सारखा केला, घरच्या स्पीकरवर सारखी वाजलीही, आणि देवळाच्या भोंग्यावर लावली तर रीमिक्स एकदम किरकोळ आणि बायकांच्या आवाजातलं गाणं खणखणीत. उलटंच झालं!

कारण भोंगा बेस वाजवतच नाही. तो बोलण्यासाठी बनलेला आहे, खालचे सूर त्याच्या तोंडातून निघत नाहीत. रीमिक्सचा बराचसा जोर बेसमध्ये असतो. मोजताना तो धरला गेला, वाजताना तो गळाला. मग त्या गाण्याचं उरलंसुरलं फारच बारीक ऐकू येतं.

यावर उपाय कानानेच. भोंग्यासाठी वेगळा फोल्डर करा. त्यात बेसवाली गाणी आहेत तशी ठेवा आणि फक्त आवाजावर चालणारी गाणी, म्हणजे ओव्या, आरत्या, भजनं, एमपीथ्रीगेनच्या 'कॉन्स्टंट गेन'ने दोन पायऱ्या म्हणजे ३ डेसिबल खाली घ्या. भोंग्यावर ऐका. अजून वाटलं तर आणखी एक पायरी. इथे आकड्याचा हट्ट धरणारा फसतो.

एकाच गाण्याच्या आतले चढउतार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका-पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, ती हल्ली मोबाइलवर रेकॉर्ड करून कोणी ना कोणी आणतंच. म्हणणारी लांब, टाळ्या जवळ. झोका पुढे आला की आवाज मोठा, मागे गेला की नाहीसा. अशा फाइलीला एमपीथ्रीगेन काही करू शकत नाही, ते अख्ख्या गाण्याला एकच माप लावतं. इथे ऑडॅसिटी उघडावी लागते. काम जरा किचकट आहे, आणि फाइल पुन्हा बनते म्हणून मूळ प्रत जपून ठेवणं आलंच.

क्रम महत्त्वाचा. स्टिरिओ फाइलीत एकच बाजू वाजत असेल तर पहिल्यांदा दोन बाजू वेगळ्या करून रिकामी काढून टाका आणि उरलेली मोनो करा. दोन्ही बाजू वाजतात, पण एकच स्पीकर असलेल्या मशीनवर गाणारी गायब होते, असं असेल तर एका बाजूला 'इन्व्हर्ट' लावून ऐका. जुन्या कॅसेट उतरवताना एका बाजूच्या तारा उलट जोडलेल्या असल्या की हे होतं. गाणारी परत आली की समजायचं, रोग सापडला.

मग 'कॉम्प्रेसर'. तो मोठा भाग दाबतो, त्यामुळे सगळं एकत्र वर आणायला जागा होते. गुणोत्तर २ किंवा ३ पुरतं. जास्त दाबलंत तर दोन ओळींच्या मधल्या शांततेत पंख्याची घरघर, कोंबडी, रस्त्यावरची फटफटी, सगळं वर येतं. माझ्या मते आखाजीच्या गाण्यात थोडी कोंबडी ऐकू आलेली बरी, पण गिऱ्हाइकाला चालेल का ते आधी विचारून घ्यावं.

सगळ्यात शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'. तिथे उणे २३ आधीच लिहिलेलं असतं. पेनड्राइव्हसाठी उणे १८ टाका, ते रीप्लेगेनच्या ८९ च्या जवळपास बसतं आणि बाकीच्या गाण्यांशी जुळतं. मोनो फाइल असेल तर 'मोनोला दुहेरी मोनो समजा' ही खूण चालू ठेवा, नाहीतर माप ३ डेसिबलने चुकतं. लहर छताला टेकली तर टोकं छताखाली रोखणारा 'लिमिटर' उणे १ वर लावून मग एमपीथ्री काढा, १९२ केबीपीएस किंवा वर. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री काढताना प्रत्येक वेळी थोडं काही गळतंच, म्हणून सगळं एकाच बैठकीत करून एकदाच काढा.

परत भरताना

पेनड्राइव्ह फॉरमॅट करून सगळी गाणी एकदम नव्याने भरा. बरेच स्वस्त डेक नावाप्रमाणे नाही, भरलेल्या क्रमाने वाजवतात, तर तोही प्रश्न याच वेळी सुटतो. मग सुरुवातीची ती दोन गाणी, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात हळू, ज्या मशीनवर वाजणार त्याच मशीनवर लागोपाठ लावा. आणि मशीनचं बटण आता पहिल्यापेक्षा जास्त फिरवावं लागेल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर "आवाज कमी भरला" म्हणून तो संध्याकाळी हजर.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फाइली जुळल्या, वायर बदलली, तरी एकाच मशीनवर आवाज आपोआप वर-खाली होतो, बटण फिरवताना खरखरतो किंवा तापल्यावर बसतो, तर दोष मशीनच्या आत आहे. ते उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरांत काही वेळ वीज उरलेली असते. रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

माइकला किंवा मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर कार्यक्रम तिथल्या तिथे थांबवा आणि वायरमन बोलवा. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगला अर्थिंग नसणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पायाखाली ओलं असेल तर एक क्षणही थांबायचं नाही.

गावात चार भोंगे आणि त्यातला एकच हळू असेल, तर तो साउंडवाल्याचा विषय आहे. भोंग्यांच्या लांब लाइनवर बहुतेक ठिकाणी ७० किंवा १०० व्होल्टची जोडणी असते, आणि प्रत्येक भोंग्यामागच्या ट्रान्सफॉर्मरवर वेगवेगळे वॅट निवडलेले असतात. तिथे घरचा ८ ओहमचा स्पीकर जोडून बघणं म्हणजे स्पीकर जाळणं.

पेनड्राइव्ह लावल्यावर कॉम्प्युटर 'आधी फॉरमॅट करा' म्हणत असेल आणि आतल्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर 'हो' दाबू नका, त्यावर दुसरं काही भरू नका. तसाच काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे द्या.

आणि आजीच्या आवाजातली एकच कॅसेट उरली असेल, टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल किंवा टेप चिकटून फिरत नसेल, तर घरच्या डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते, टेप ओढली जाऊन तुटते. कॅसेट उतरवून देण्याचंच काम करणाऱ्याकडे द्या आणि त्याच्याकडून एमपीथ्री नको, आधी वेव्ह फाइल, म्हणजे आवाजातलं काही न गाळलेली फाइल, मागून घ्या. आवाज त्याने जुळवलेला नसला तरी चालेल, ते नंतर घरी होतं.